एका ओळीची पारख

पवन कुमार यांच्या ‘यू टर्न’ (2016) या कन्नड सिनेमाचं मूळ बेंगळुरूच्या एका उड्डाणपुलावर आहे. मोठा वळसा टाळायला दुचाकीस्वार दुभाजकाचे ठोकळे सरकवतात, बेकायदा वळतात आणि ठोकळे तसेच रस्त्यात टाकून जातात. त्यावर बातमी करू पाहणारी शिकाऊ पत्रकार अशा गाड्यांचे नंबर मिळवते; पण नंबर टिपलेली माणसं मरू लागतात आणि पोलिसांचा संशय तिच्यावरच येतो. सिनेमाच्या धंद्यात गोष्टीच्या अशा एका ओळीत मावणाऱ्या साराला लॉगलाइन किंवा नुसतं ‘वन लाइन’ म्हणतात. हा सिनेमा पुढे मल्याळम, तेलुगू, तमिळ आणि हिंदीतही झाला. वाहतुकीला विटलेल्या कुठल्याही शहराला ती ओळ समजावून सांगावी लागत नाही, हे त्याचं एक कारण असणार.

आता हीच गोष्ट कुणी अशी लिहिली असती तर? ‘बेंगळुरूतल्या एका तरुण पत्रकाराच्या आयुष्यात गूढ घटना घडतात आणि सगळं बदलून जातं.’ यावर मित्रमंडळी सहसा दोनच गोष्टी सांगतात: ‘मस्त आहे’ किंवा ‘यात एक लव्हस्टोरी टाक’. पहिल्याने लेखकाच्या हाती काही लागत नाही आणि दुसऱ्यात सांगणारा स्वतःचाच सिनेमा लिहायला बसतो. माझ्या मते अभिप्राय देणाऱ्याचं काम आवडनिवड सांगण्याचं नाही, आपल्याला काय कळलं ते सांगण्याचं आहे: ‘ती पत्रकार आहे एवढं समजलं. तिला काय हवंय, आडवं काय येतंय, हे समजलं नाही.’ एवढ्याने लेखकाला पूल, ठोकळे आणि नंबर ओळीत आणावेच लागतात. घेणाऱ्याचं पथ्य मात्र याहून अवघड: ‘त्याचं असं आहे की...’ म्हणत खुलासा करायचा नाही. निर्मात्याच्या टेबलावर ती ओळ एकटीच जाते, खुलासा करायला लेखक सोबत नसतो.

यावर कुणी म्हणेल, चांगला सिनेमा एका ओळीत मावतो कुठे? राम रेड्डी यांचा ‘तिथी’ घ्या. 2015 मध्ये लोकार्नो चित्रपट महोत्सवात गौरवलेल्या या सिनेमात मंड्याकडच्या खेड्यातला 101 वर्षांचा म्हातारा मरतो आणि अकराव्या दिवसापर्यंत नातू जमीन विकायच्या खटपटीत असतो. त्याचा बाप मात्र निवांत भटकतोय. ओळ होते, पण त्या निवांतपणाची गंमत तिच्यात उतरत नाही. आक्षेप खरा आहे. म्हणूनच ओळीवरून सिनेमाचा निकाल लावू नये. ओळ जे वचन देते आहे तोच सिनेमा तुला करायचाय का, एवढंच विचारावं.

ओळ अशी इतरांना ऐकवली तर कल्पना चोरीला जाईल, ही धास्ती अगदीच खोटी नाही. नाटककार आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये स्पष्ट केलं की कॉपीराइट नुसत्या कल्पनेला मिळत नाही, तिच्या मांडणीला मिळतो. म्हणजे सुट्या ओळीला कायद्याचं कवच जवळपास नाहीच. पण ओळ लपवून ठेवली तर तिच्यातली खोट निर्मात्यासमोरच उघडी पडते. तेव्हा पटकथा लिहून मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा आणि मग ओळ चारचौघांना बेलाशक वाचून दाखवा. ऐकणाऱ्याला मत विचारू नका, गोष्ट त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा.