मुलाच्या पोटगीचा हिशेब

पतिपत्नींचे पटेनासे झाले म्हणजे भांडण घराचे, दागिन्यांचे आणि मानापमानाचे होते. मुलाचा खर्च हा बहुधा शेवटचा विषय ठरतो. ‘मूल माझ्यापाशी राहू द्या, मला तुमचा पैसाही नको,’ असे म्हणून कित्येक माता तो विषय कायमचा मिटवून टाकतात. त्यांचा स्वाभिमान समजण्याजोगा आहे. परंतु त्या जे सोडून देतात, ते त्यांचे नसतेच. पोटगीचा हा हक्क मुलाचा आहे, आणि आईबापांच्या आपसांतील कराराने तो बुडत नाही.

विवाहाचे कायदे आपल्याकडे निरनिराळे आहेत. हिंदूंसाठी १९५५ चा, ख्रिस्ती समाजासाठी १८६९ चा, तर गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेली संहिता आहे. मुलाच्या उदरनिर्वाहासाठी मात्र सर्वधर्मीयांना लागू असलेली एक तरतूद आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १२५ वे कलम ते हेच. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम झाले आहे. या कलमाखालील अर्ज पत्नी जेथे राहते तेथेही करता येतो. म्हणजे पुण्याचा संसार सोडून बेळगावास माहेरी आलेल्या स्त्रीला अर्जासाठी पुणे गाठावे लागत नाही.

रक्कम ठरवावी कशी? समजा, मुलगी आठ वर्षांची आहे. शाळेची फी वर्षाला ३०,००० रुपये, पुस्तके व गणवेश ६,०००, शाळेची बस १२,०००, औषधपाणी ६,०००; आणि अन्न, वस्त्र, घरभाड्यातील वाटा मिळून दरमहा ६,००० प्रमाणे ७२,०००. एकूण १,२६,००० रुपये, म्हणजे महिना १०,५०० झाले. वडिलांची प्राप्ती ४५,००० आणि आईची १५,००० असेल, तर तीनास एक या प्रमाणात वडिलांचा वाटा ७,८७५ रुपये येतो. न्यायालय याहून वेगळा आकडा ठरवू शकेल. पण असा कागद हाती असला म्हणजे बोलणे रागलोभावरून हिशेबावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात दोन्ही पक्षांनी मिळकतीचे व कर्जाचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजावी, असे सांगितले आहे. अर्जाला उशीर करणे म्हणूनच हिताचे नाही.

आजचा आकडा उद्या पुरत नाही. खर्च दरसाल दहा टक्क्यांनी वाढला, तर सात-आठ वर्षांत तो दुप्पट होतो. यास्तव वार्षिक वाढ करारातच लिहून घ्यावी. दुसरी अडचण याहून मोठी आहे. १४४ व्या कलमाखालील मुलाची पोटगी सामान्यतः अठराव्या वर्षी थांबते, आणि कॉलेजचा खर्च सुरू होतो तो नेमका त्याच वर्षी. हिंदू कायद्यात चरितार्थाचे साधन नसलेल्या अविवाहित मुलीचा हक्क पुढेही चालतो. मुलाच्या बाबतीत उच्च शिक्षणाची जबाबदारी करारात स्पष्ट नमूद करणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

काही कामे घटस्फोटापूर्वीच उरकावीत. दोघांच्या नावे कर्ज असेल तर घटस्फोटाने बँकेचा हक्क सुटत नाही. ते कोण फेडणार हे ठरवून बँकेशीही बोलावे. विमा, ठेवी आणि भविष्य निर्वाह निधी यांवरील वारसनोंद तपासावी. वडिलांचा विमा चालू ठेवण्याची अट घालावी, कारण पोटगी देणारा हातच नाहीसा झाला तर महिन्याचा आकडा कागदावरच राहतो. मुलगी दहा वर्षांखालील असेल तर सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. तिच्या वयाच्या अठरा वर्षांनंतर त्यातील काही रक्कम शिक्षणासाठी मिळते.

पैसे थकले तर स्वस्थ बसू नये. थकबाकी देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. हेतुपुरस्सर न देणाऱ्यास कैद होऊ शकते, आणि कैद भोगल्याने देणे फिटत नाही. पैसे रोख न घेता बँकेतून घ्यावेत, म्हणजे देणाऱ्याला व घेणाऱ्याला दोघांनाही पुरावा राहतो.

पतिपत्नीचे नाते न्यायालयाच्या हुकुमाने संपते. आईबाप हे नाते कोणत्याही हुकुमाने संपत नाही. जून महिन्यात शाळेची फी भरण्याची वेळ येते, तेव्हा ती कोणी भरायची हे मुलाला विचारावे लागू नये, एवढी तजवीज तरी दोघांनी मिळून करून ठेवावी.