जुन्या संगणकाचा वाढीव वेग

प्रोसेसरला कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालविणे, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग, ही मुळात गुणाकाराची बाब आहे : 2011 साली आलेल्या इंटेलच्या कोअर आय-फाइव्ह 2500के मध्ये 100 मेगाहर्ट्झचा पायाभूत ठोका 33 ने गुणून 3.3 गिगाहर्ट्झ मूळ वेग मिळतो, आणि बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत, गुणक 40 केल्यास तो 4 गिगाहर्ट्झ होतो. मात्र त्यासाठी व्होल्टेज वाढविल्यास उष्णता साधारणतः व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तळेगाव दाभाड्याच्या पावसाळी गारव्यात सुरळीत चालणारा संगणक मे महिन्यातील दुपारी, त्यातही प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता कूलरकडे पोहोचविणारा लेप, वाळलेली असल्यास, अचानक बंद पडू शकतो. रॅमचा वाढीव वेग अधिक फसवा, कारण तिथे यंत्र चालू राहते आणि फाइल गुपचूप बिघडते. म्हणून मेमटेस्ट ही रॅम तपासणारी आज्ञावली रात्रभर चालवावी. हार्ड डिस्कवर चालणाऱ्या जुन्या संगणकास या खटाटोपापेक्षा एसएसडीचा लाभ अधिक होतो.