चाकांवरचे घर, सार्लाचा बाजार

नैर्ऋत्य फ्रान्सच्या दोर्दोन्य भागातील सार्ला हे गाव मोटरहोमने एका दिवसात आरामात पाहून होते. या गाडीत शेगडी, पाण्याची टाकी, झोपण्याची जागा, सारे काही असते. बाजार बुधवारी सकाळी आणि शनिवारी भरतो. गाडी मात्र पेठेबाहेरच लावावी. मध्ययुगीन बोळांतून पायी फिरण्यातच मजा आहे.

अक्रोड, अक्रोडाचे तेल, स्ट्रॉबेरी, शेळीच्या दुधाचे चीज यांनी बाजार भरलेला असतो. इथली सर्वांत गाजलेली वस्तू म्हणजे ‘फ्वा ग्रा’. बदक-हंसांना बळजबरीने चारून फुगवलेले हे यकृत. हलाल पाहूनच खाणाऱ्या कुटुंबाला चाकांवरच्या स्वयंपाकघराची किंमत इथे कळते. डाळ, तांदूळ, मसाले घरचे; फळे, भाज्या, अंडी बाजारातली; आणि दस्तरखान गाडीतच! चीज घेताना ते विरजायला कोणते रेनेट वापरले, हे जरूर विचारावे.

एवढे जुने गाव टिकले कसे? सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या 1962 च्या कायद्याने एकेका वास्तूऐवजी अख्खी जुनी पेठ जपण्याची सोय केली. त्याचा लाभ मिळालेल्या पहिल्या गावांत सार्ला होते. सेंट मेरी हे जुने चर्च तर वास्तुकार जाँ नुव्हेल यांच्या आराखड्यानुसार मंडई झाले आहे. संग्रहालयासारखे कुलूप न लावता, रोजच्या वापरात ठेवूनच सार्लाने आपला वारसा सांभाळला आहे.