त्वचेच्या गळतीचे मोजमाप

१४ सप्टेंबरचा जागतिक इसब दिन जवळ आला, की मलमांच्या जाहिरातींना बहर येतो, आणि अलीकडे काही सौंदर्यशाळांतून कातडीवर एक नळी टेकवून तिच्या प्रकृतीचा आकडा गिऱ्हाइकाच्या हाती देण्याचा प्रघातही पडू लागला आहे.

या आकड्याची वंशावळ मात्र मोठी खानदानी आहे. पादुआ विद्यापीठातील वैद्य सांतोरिओ तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षे आपले वजन करीत असे आणि पोटात गेलेल्या अन्नपाण्याचा व बाहेर पडलेल्या मलमूत्राचा तपशीलवार जमाखर्च मांडीत असे. त्या हिशेबात दररोज जी तूट राही, ती देहातून नकळत निघून जाणाऱ्या बाष्पाची, असा निर्णय देऊन त्याने १६१४ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९७७ साली स्वीडनमधील लिंकोपिंगच्या गर्ट निल्सन यांनी जे उपकरण सिद्ध केले, त्यात कातडीवर टेकवलेल्या उघड्या नळीत दोन उंचींवरची आर्द्रता व उष्णता टिपून, त्यांतील फरकावरून दर चौरस मीटरमधून दर तासाला किती ग्रॅम पाणी उडते हे काढता येऊ लागले. मला विचाराल तर खुर्चीतला तो वैद्य आजच्या विक्रेत्यांपेक्षा अधिक प्रामाणिक होता. आपण काय तोलीत आहोत, हे तरी तो पुरते जाणून होता.

इसब असणाऱ्यांच्या त्वचेतून होणारी ही पाण्याची गळती अधिक असते, आणि वरकरणी निर्मळ दिसणाऱ्या भागावरही ती पुष्कळदा वाढलेली आढळते. विटांमधला चुना झडलेल्या भिंतीसारखी त्या त्वचेची अवस्था होते. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष हे इसबाचे एक प्रबळ कारण असल्याचे डंडी येथील संशोधकांनी २००६ साली दाखवले. आयर्लंडमधील कॉर्क येथे तर दोन दिवसांच्या अर्भकांची गळती मोजून, ज्यांची ती अधिक भरली त्यांना वर्षाच्या आत इसब होण्याचा संभव अधिक, असा निष्कर्ष २०१५ साली निघाला. साहजिकच, जन्मापासून मलम चोपडले म्हणजे रोग टळेल, अशी आशा बळावली. परंतु कुटुंबात असा इतिहास असलेल्या १३९४ अर्भकांवर ब्रिटनमध्ये जी चाचणी झाली, तिच्या २०२० सालच्या निकालात दोन वर्षांच्या वयात मलम लावलेल्यांपैकी २३ टक्क्यांना आणि न लावलेल्यांपैकी २५ टक्क्यांना इसब आढळले, म्हणजे मलमाने प्रतिबंध साधला नाही. झालेल्या इसबावर मलमाचा उपयोग आहेच. तो मुद्दा निराळा.

शिवाय हे मोजमाप मोठे लहरी आहे. वारा न लागणाऱ्या, सुमारे २० ते २२ अंश उष्णतेच्या खोलीत माणसाला निदान पंधरा मिनिटे स्वस्थ बसवल्यावाचून ते विश्वसनीय ठरत नाही. मुंबईच्या दमट हवेत, जिना चढून घामाघूम झालेल्याच्या हातावर पंख्याखाली घेतलेल्या आकड्याची किंमत काय करावी? आणि रात्रभर झोपू न देणारी खाज तर त्या नळीला कळतच नाही. तिची जबानी रोग्याकडूनच घ्यावी लागते. तेव्हा तो आकडा पाहून महागडी डबी खरेदी करण्याआधी वाचकांनी त्वचारोगतज्ज्ञाची गाठ घ्यावी, आणि खाज केव्हा व किती सुटते, झोप किती मोडते, याची नोंद सोबत न्यावी.