गाडी नाही, मग ओझं कोण वाहतं?

माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच येते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. पुढे पायी जायचं, घोडा करायचा, नाहीतर अमन लॉज स्टेशनहून छोट्या रेल्वेची शटल पकडायची. हॉर्न नाही, धूर नाही, वर झाडांची सावली. मुंबई-पुण्याचा माणूस यासाठीच येतो. 2003 मध्ये केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं, आणि रुग्णवाहिका, अग्निशमन अशी निकडीची वाहनं आणि अलीकडच्या ई-रिक्षा सोडल्या तर गावात मोटार येत नाही.

मी इथे एक छोटं लॉज चालवते. माझ्या स्वयंपाकघरातला गॅस सिलिंडर घोड्यावरून येतो. कांद्याची पोती, तेलाचे डबे, पाहुण्यांच्या बॅगा हमालांच्या डोक्यावरून येतात. डोंगराखालच्या वाड्यांतल्या ठाकूर-कातकरी बायका करवंदं-जांभळांच्या पाट्या घेऊन पायवाटेने चढतात. आम्ही हॉटेलवाले ‘वाहनमुक्त’ असं जाहिरातीत छापतो आणि त्या शब्दाचे पैसे घेतो. त्यातले किती पैसे वाहणाऱ्याच्या हातात पडतात, हा माझ्या मते आपल्या धंद्यातला पहिला नैतिक प्रश्न आहे.

हातरिक्षा त्याचंच सगळ्यात कठोर रूप. चढावर एक माणूस पुढून ओढतो, मागून दुसरे ढकलतात, आणि आत धडधाकट पाहुणा बसलेला असतो. पावसाळ्यात लाल मातीचा चिखल झाला की त्यांच्या पायांकडे बघवत नाही. हातरिक्षावाल्यांनी ई-रिक्षा मागितली ती हौसेने नव्हे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली, आणि 6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही अमानवी प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. रिक्षा ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा भाड्याने द्या, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असंही राज्य सरकारला बजावलं. पंजाबातल्या सायकलरिक्षावाल्यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने त्यांच्या हक्कांची बाजू घेतली, त्याला 45 वर्षं झाली होती.

ई-रिक्षांमुळे घोडेवाल्यांना वाटणारी धास्तीही खरी आहे. त्यांचं पोट प्रवाशांवर आहे, आणि घोड्याला सीझन असो-नसो चारा लागतोच. एकाच्या पाठीवरचं ओझं उतरवताना दुसऱ्याची चूल विझू नये, याची काळजी निकालपत्र एकटं घेऊ शकत नाही. तिथे हॉटेलवाल्यांनी उभं राहायला हवं.

पण आम्ही हॉटेलवालेच ओझं वाढवतो. पाण्याचंच बघा. शार्लोट तलाव गावाला पुरत नाही. बरंचसं पाणी खालून पंपाने चढवलेलं असतं. तरी खोलीत रोज नवी चादर, नवा टॉवेल. प्लास्टिकच्या बाटल्या डोक्यावरून वर येतात आणि रिकाम्या झाल्या की पॉइंटखालच्या झाडीत पडतात. या बाटल्यांचा मला फार राग येतो. ज्या हमालाने त्या चढवल्या, त्याच्याच डोंगरात त्या कुजतही नाहीत.

आमच्याकडे बुकिंग घेतानाच सांगतो की माणशी एकच बॅग आणा. हमालीचा दर खोलीच्या दरपत्रकावर छापलेला आहे, वजनाप्रमाणे, आणि ती रक्कम पूर्ण हमालाला जाते. घासाघीस करणारे भेटतात. ज्या पाहुण्याला हमाली महाग वाटते, त्याला मी म्हणते, बॅग स्वतः उचलून बघा, दस्तुरीपासून चालत या, मग दर आपण दोघं मिळून ठरवू.