गाठीगाठींचा गालिचा

मुलांनो, आज आंघोळीनंतर टॉवेल लगेच वाळत घालू नका. डोळ्यांजवळ धरून पाहा. सुताचे इवलेइवले फास उभे दिसतील. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी आता टॉवर आलेत, पण ज्यांच्या आजोबांनी तिथे साचे (म्हणजे माग) चालवले, त्यांनी घरी जरूर विचारावं. टर्किश टॉवेलमध्ये उभे धागे दोन तऱ्हेचे असतात, काही ताठ, काही सैल. दोन-तीन आडवे धागे एकदम ठोकून बसवले की सैल धागा फुगून वर येतो. झाला फास! साचा हे भराभर करतो.

हाताने विणलेल्या गालिच्याची लव मात्र अशी येत नाही. तिथे एकेक गाठ मारावी लागते.

करून पाहायचंय? जाड पुठ्ठ्याच्या वरच्या-खालच्या कडांना अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडा आणि मजबूत दोरा उभा ताणून गुंडाळा. तळाशी चार ओळी साध्या विणा, एकाखालून, एकावरून. आता लोकरीचा बोटभर तुकडा शेजारच्या दोन उभ्या धाग्यांवर आडवा ठेवा. त्याची टोकं दोन्ही बाजूंनी मागे न्या, मधल्या फटीतून पुढे काढा आणि खाली ओढा. ओळ संपली की दोन आडवे धागे घालून जुन्या कंगव्याने ठोका, नाहीतर गाठी सरकतात. शेवटी कात्रीने लव सारखी करा. (पहिली ओळ वाकडी येतेच. माझीही आली होती.)

आता गणित. चौरस इंचात ६० गाठी धरल्या, तर ६ फूट बाय ४ फूट गालिच्यात २,०७,३६० गाठी! मिनिटाला दहा मारल्या तरी साडेतीनशे तास लागतील. ब्रिटिश अमदानीत पुण्याच्या येरवडा तुरुंगात कैद्यांकडून गालिचे विणून घेत. तिथे वेळेला काय तोटा!

पण उत्तर प्रदेशात भदोही-मिर्झापूरकडच्या कित्येक मागांवर तुमच्याएवढी मुलं बसवली जात. 'लहान बोटंच बारीक गाठ मारतात' असं मालक सांगत. साफ खोटं! बारीक गाठ सरावाने येते. मुलं स्वस्तात राबत, एवढंच. १९८६ च्या बालकामगार कायद्याने गालिचे विणण्याच्या कामावर १४ वर्षांखालची मुलं ठेवायला बंदी केली, पण घरच्या मागाला त्यातून सूट होती. कैलाश सत्यार्थींनी अशी मुलं सोडवली. त्यांच्याच पुढाकाराने १९९४ मध्ये 'रगमार्क' सुरू झालं. बालमजुरीविना विणलेल्या गालिच्याला ही चिठ्ठी लागते. आता तिचं नाव 'गुडवीव्ह' आहे.

तेव्हा दुकानात गालिचा दिसला की आईबाबांना सांगून तो उलटा करा. हातचा असेल, तर पाठीवर एकेक गाठ मोजता येते. चिठ्ठी आहे का, तेही तिथेच बघा.