टॉमकॅटचे दार ८०८० का?

जालन्यातील एखाद्या शाळेला गुणपत्रके ब्राउझरवर दाखवायची आहेत, असे समजा. लिनक्सवर आधी जावा बसवायची, मग टॉमकॅट. मागितलेले पान जावा प्रोग्रॅमकडून तयार करून घेणारा हा सर्व्हर ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर सुरू होतो. वेबचे नेहमीचे पोर्ट तर ८०! मग असे का? युनिक्सच्या जुन्या रिवाजानुसार १०२४ खालची पोर्ट उघडण्याचा अधिकार सहसा फक्त ‘रूट’ला, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकाऱ्याला असतो. म्हणून काहीजण टॉमकॅट रूटच्याच नावाने चालवतात. हा निव्वळ आळस. प्रोग्रॅममधल्या एखाद्या चुकीतून कोणी आत शिरला, तर गुणपत्रकेच काय, सारा संगणक त्याच्या हाती जाईल! टॉमकॅटसाठी मोजके अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता तयार करावा. ८० वर आलेली मागणी ८०८० कडे वळवायला लिनक्सच्या फायरवॉलमधला एक नियम पुरतो.